अष्टमीचं पाणी

आकडा एकवीस होता, आणि तो पाच-सहाच्या वर असायचं काहीच कारण नव्हतं.

गुरुवारची दुपार होती. आचोळ्याच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून मी अहवालाची शेवटची प्रत तपासत होते. सोमवारी सकाळी अकरा वाजता तो समितीपुढे ठेवायचा होता. शेजारी माझी मुलगी दिपिका शाळेच्या डायरीला नवं कव्हर घालून घ्यायला हटून बसली होती. जुनं फाटलं होतं आणि बाई रोज ओरडत होत्या म्हणे. मी वैतागून डायरी ओढली, तर ती मधूनच उघडली. पानावर लाल शाईत लिहिलं होतं: दि. १६ जुलै, अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी.

सोळा जुलैला अष्टमी होती. मला त्यासाठी पंचांग बघावं लागलं नाही, कारण गेली दोन वर्षं मी अष्टम्यांवरच जगत होते. वही उघडली. सोळा जुलै अठ्ठ्याण्णव, ओहोटी, दुपारी बारा पस्तीस, क्षारता एकवीस.

त्या दिवशी आमच्या इमारतीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं. डोंगरापासून किनाऱ्यापर्यंतचं सगळं पावसाचं पाणी खाडीतूनच खाली उतरत असणार. भर समुद्रात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्या दुपारी, ओहोटीच्या तळाला, खाडीत जवळपास गोडं पाणी असायला हवं होतं. मग हे एकवीस आलं कुठून?

डायरीला कव्हर घातलं गेलं नाही. दिपिका रडली, मी तिच्यावर ओरडले, आणि मग दोघींनी एकेक लाडू खाल्ला.

मी तशी शांत बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. वसईच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि तिथल्या मुली माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण खाडीच्या बाबतीत मी सबुरी धरली होती. दोन वर्षं, महिन्यातून दोनदा, दोन्ही पक्षांतल्या अष्टमीला, कारण अष्टमीला आमच्याकडे ओहोटी भर दुपारी येते आणि उजेडात काम होतं. असे एकोणपन्नास नमुने झाले होते. पन्नासावा येत्या रविवारी घ्यायचा होता.

त्या नमुन्यांमधून मला एक गोष्ट सापडली होती आणि मी तिच्या प्रेमात होते. खाडीच्या चिखलात असे जंतू असतात ज्यांना प्राणवायू लागतच नाही. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते श्वासाचं काम भागवतात आणि कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा वायू सोडतात. सांडपाणी वाढलं की त्यांची चैन होते. तो वायू वर आला की पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि मासे पोट वर करून तरंगतात. आमच्या खाडीचा चिखल मी स्वतः काढून आणायची. तो दर महिन्याला जास्तच काळा होत होता. प्रयोगशाळेत त्याचा कण टाकला की काचेच्या नळीत दोन दिवसांत शाई व्हायची. आणि तरीही वरच्या पाण्यात, ऐन ओहोटीला, लिटरमागे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू मिळत होता! माशांना मजेत पुरेल इतका.

ह्याचं कारण मी शोधलं होतं. चिखलावर पांढऱ्या धाग्यांची एक पातळ साय धरते. ते धागे म्हणजेही जंतूच, सुताहून बारीक. विषारी वायू वर यायच्या आत मधल्यामध्ये तो खाऊन टाकणारे. हे धागे आमची खाडी राखत होते, असं माझं म्हणणं होतं. इतकं काम करणारे धागे अजून कुणी कुठे दाखवले नव्हते. माझ्या प्रबंधाचा कणा तोच. प्रबंधाची नोंदणी मार्चअखेर संपत होती आणि दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा कुणी विचारणारही नव्हतं.

एवढंच असतं तर बिघडलं असतं ते माझं. पण पूर्वेला नवे गाळे उठणार होते आणि त्यांचं सांडपाणी सरळ खाडीत सोडायचं की खर्च करून लांब न्यायचं, हे ठरवायला समिती बसली होती. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. माझा अहवाल सांगत होता की ही खाडी एवढं पाणी पचवू शकते. सोमवारी मी तो पुढे ठेवला की नाला खाडीकडे वळणार होता.

आणि एकवीस हा आकडा पाचाच्या जागी बसला होता.

तो मला आधी दिसला नव्हता असं नाही. ऑगस्टमध्ये मी त्याच्यासमोर टीप लिहिली होती: 'मिठागरातून परतणाऱ्या खारट पाण्याचा परिणाम असावा.' पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली असतात. तिथे कोण कशाला मीठ पिकवेल? मी काय खाऊन ते वाक्य लिहिलं होतं, देव जाणे.

"एक आकडा चुकला तर जग बुडत नाही," रात्रीचं जेवताना माझा नवरा म्हणाला. संग्राम वालीवच्या एका वर्कशॉपात सुपरवायझर आहे. "आमच्याकडे शंभरात तीन पीस रिजेक्ट धरूनच चालतात."

"माझ्याकडे पीस नाहीत, पाणी आहे."

"मग पाणी ज्याने भरलं त्याला विचार ना."

हेच मला नको होतं. दुपारी मी कॉलेजात असायची, म्हणून पाणी खाडीकाठचे काळूरामकाका भरत असत.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी गिरीजला मार्सेल सरांकडे गेले. सर माझे मार्गदर्शक. निवृत्त झाल्यापासून ते बहुतेक वेळ वाडीतच असतात. केळीच्या खुंटांना पाणी सोडलं होतं आणि ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटातला कचरा काढत होते. मी बांधावर उभी राहूनच सगळं सांगितलं.

"एकोणपन्नासातला एक ना?" सर म्हणाले. "टायट्रेशनमध्ये चूक होते. गाळून टाक."

"पावसाळ्यातले सगळेच थोडे जास्त आहेत सर. काल रात्री परत बघितले. मी प्रत्येकाला काही ना काही कारण जोडलंय."

सरांनी हात धुतले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "ज्ञानदा, नोंदणी संपायला अडीच महिने आहेत. परीक्षकांची नावं गेलीत. समितीला तुझा अहवाल हवाय. आता खणत बसलीस तर काहीतरी निघणारच. निघालं की परत पुरता येत नाही, एवढं लक्षात ठेव."

"म्हणजे खणू नको?"

"मी तसं म्हटलं नाही," सर जरा चिडून म्हणाले आणि घरात जाऊन माझ्यासाठी केळ्यांचा अर्धा घड घेऊन आले. कात्रीत सापडलं की सर केळी देतात, हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे.

शनिवारभर मी घरात नुसती फिरत राहिले. गॅसवर दूध उतू गेलं, इस्त्री चालू राहिली. काळूरामकाकांनी आळस केला असेल का? बारा वाजताच्या उन्हात कोण चिखलात उतरेल? संध्याकाळी सावलीला, सोयीने बाटल्या भरत असतील आणि लेबल आयतं माझंच. लेबलं मी आठवडाभर आधी, भरती-ओहोटीच्या पुस्तकात बघून, वेळेसकट लिहून बाटल्यांना चिकटवून द्यायची. पाण्यात भिजलेल्या हातांनी लिहिताना अक्षर फिसकटतं म्हणून. मला माझ्या ह्या शिस्तीचा फार अभिमान होता.

पण काळूरामकाका आणि आळस? खाडीकाठी त्यांचं शेत आणि मिठागर. मिठागरात पाणी घ्यायची जी फळ्यांची उघाडी असते ती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरानेच सांभाळलेली. भरतीची वेळ विचारली तर घड्याळ बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करून बोटांवर सांगतात. माझ्या पुस्तकाशी पाच-दहा मिनिटांचाच फरक पडतो. नमुना घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन ते कॉलेजच्या फाटकात उभे असायचे. दोन वर्षांत एक खाडा नाही. असा माणूस फसवत असेल, हे मनात आलं की मला माझीच लाज वाटायची, आणि दुसऱ्या मिनिटाला परत तेच मनात यायचं.

रविवारी मी न कळवता गेले. संग्रामने स्कूटरवरून नायगावच्या पुढे बांधाच्या तोंडाशी सोडलं. "भांडू नकोस," तो म्हणाला. मी चालायला लागले.

पाऊण वाजला होता. ओहोटी तळाला गेली होती. खाडी मधोमध एका पट्ट्यात आकसली होती आणि दोन्ही बाजूंना काळा चिखल उन्हात चकाकत होता. वास होताच. मी बांधावरच्या झुडपाआड उभी राहिले. पस्तीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली बाई, भर उन्हात चोरासारखी. काय म्हणावं?

काळूरामकाका वेळेवर आले.

हातात माझी लाकडी पेटी. लंगोटीसारखा घट्ट खोचलेला रुमाल, डोक्यावर फडकं. चिखलातून मांडीपर्यंत रुतत ते पाण्याच्या पट्ट्याशी गेले. बाटली आडवी धरून पाण्याखाली नेली, हळूहळू सरळ केली, पाण्याखालीच बूच लावलं, वर काढून उलटी करून बुडबुडा आहे का बघितलं. माझ्या एम.एस्सी.च्या मुलींना इतकं नीट येत नाही. मग दुसरी, मीठ मोजायची बाटली भरली. काठाला येऊन पहिल्या बाटलीत ड्रॉपरने एक औषध, मग दुसरं. बूच लावून बाटली खालीवर केली.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. आकडा एकवीस तर एकवीस, चुकलं असेल माझं टायट्रेशन.

काकांनी बाटली उन्हात धरली. बराच वेळ बघितली. मान हलवली. आणि बूच काढून बाटली चिखलात ओतून टाकली. मिठाची बाटलीही ओतली. पेटी उचलून बांधावर आले आणि उघाडीच्या सावलीत जाऊन बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका!" मी झुडपातून बाहेर आले ती ओरडतच. "हे काय केलंत? ओतलंत का?"

ते दचकून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि मला वाटलं, सापडला चोर.

"बाय, तुमी? आज कशा आल्या?"

"ते राहू दे. नमुना ओतलात का? लेबलावर दुपारी पाऊणची वेळ लिहिली आहे. आता केव्हा भरणार? संध्याकाळी? सोयीने?"

"भरती लागली का भरीन," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चार वाजंपरेन लागंल. तवर बसतो."

"भरती? मी ओहोटीचं पाणी मागितलंय! दोन वर्षं मी—" माझा आवाज फाटला. "दोन वर्षं तुम्ही मला भरतीचं पाणी देताय?"

भरतीचं पाणी म्हणजे बाहेरच्या समुद्राचं. ताजं, खारट, प्राणवायूने भरलेलं. एकवीस तिथून आलं होतं. साडेचारही तिथूनच आलं होतं. माझे पांढरे धागे काहीही राखत नव्हते. मी बांधावर मटकन बसले.

काळूरामकाका माझ्यासमोर उकिडवे बसले. "बाय, मना सांगाचाच व्हता. पन लाज वाटं. ओहटीला माझा जमतच नाय. दर येला भरतो, दर येला पांढरा व्हतो."

"पांढरा होतो म्हणजे?"

"तुमीच बोलल्या व्हत्या ना. नाचनीचे पेजेवानी झाला तं जमला. तांदलाचे पेजेवानी रायला तं कायतरी चुकला, टाकून द्या, परत भरा."

मी हे बोलले होते.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात काकांना शिकवायला गेले तो रविवार मला जसाच्या तसा आठवला. दिपिकाला ताप होता म्हणून निघायला उशीर झाला, पोहोचले तेव्हा भरती चढत होती. म्हटलं, शिकवायचंच तर आहे, कुठलंही पाणी चालेल. बाटली भरली, दोन औषधं टाकली, पाणी दाट तपकिरी झालं. प्राणवायू असला की तपकिरी गाळ बसतो. मुळीच नसला तर गाळ पांढराच राहतो. त्या पद्धतीचा सगळा अर्थच त्या दोन रंगांत आहे. पण कॉलेजात मुलींच्या बाटल्या पांढऱ्या राहतात तेव्हा त्यांनी घाईत दुसरंच औषध ओतलेलं असतं, आणि 'पांढरं आलं, टाका, परत करा' हे माझं वर्षाला शंभरदा म्हणायचं वाक्य आहे. काकांना समजावं म्हणून मी त्यात फक्त दोन पेजा घातल्या. आणि किती छान समजावलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

"पयले अष्टमीला पांढरा झाला," काका सांगत होते. "मना वाटला, औषध कमी परला. पुन्ना भरला, पुन्ना पांढरा. मंग बसलो. भरती लागल्यावर भरला तं झकास नाचनी. मंग तसाच करतो. आदी ओहटीला करून बघतो, नाय जमला का थांबतो. फिकी झाली तरी टाकतो. तुमी दाखवलेली तशी गडद पायजे ना."

"तीन-तीन तास थांबता?"

"मंग काय करू? तुमी एवढा विश्वास टाकला."

बांधावरून त्यांच्या पत्नी, यमुनाकाकी, डबा घेऊन येत होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. "दर अष्टमीला ह्यांचा ह्योच तमाशा," त्या डबा ठेवत मला म्हणाल्या. "भाकरी आनली तं खात नाय. बोलतं, माझे हाताला गुन नाय, बायचा औषध फुकट घालवतो. मी बोलते, मंग सांग ना त्यांना. तं बोलतं, एकदा त्या बोलल्या औषध लवकर सरते, जपून वापरा. आता कंच्या तोंडाने सांगू?"

हेही मी बोलले होते. पहिल्या पावसाळ्यात, कॉलेजच्या फाटकात, चार मुलींसमोर. काकांनी मान खाली घातली होती. मला वाटलं होतं, बरं झालं बोलले.

मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. लेबलावरच्या सगळ्या खोट्या वेळा माझ्याच सुंदर अक्षरात होत्या. मी उठले, चपला काढल्या आणि साडी वर खोचली.

"चला काका. अजून ओहोटी आहे. परत भरू."

"पांढराच व्हनार बाय."

"होऊ दे."

चिखलाने पाय गिळले. दोन-तीनदा मी पडता पडता काकांच्या खांद्याला धरून वाचले. त्यांनी एक बाटली भरली, मी दुसरी. औषधं दोन्हींत मीच टाकली, थेंब मोजून. बूच लावून दोन्ही बाटल्या खालीवर केल्या आणि उन्हात धरल्या.

दोन्हींत तांदळाची पेज.

काका माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिले. स्वतःच्या नाही, माझ्या. "तुमचे हातानपन पांढरा झाला," ते म्हणाले.

"माझ्या हाताने पांढराच होणार. कुणाच्याही हाताने होणार. ह्या पाण्यात प्राणवायूच उरलेला नाही काका. आहे ते असं आहे. पांढरं म्हणजेच बरोबर."

त्यांना ते पोहोचायला थोडा वेळ लागला. मागे काठावर यमुनाकाकी काहीतरी विचारत होत्या.

"मंग बाय," काका म्हणाले, "पयले दिशीच माझा बरोबर व्हता?"

"हो."

"आनी मी टाकून दिला."

"मी टाकायला सांगितलं. चूक माझी आहे, काका. सगळी माझी."

ते बाटली छातीशी धरून चिखलातून परत निघाले. काठावर आल्यावर यमुनाकाकींना म्हणाले, "माझे हाताला काय झाला नव्हता." एवढंच. काकींनी भाकरी पुढे केली आणि ते खाऊ लागले. मलाही दिली. सुक्या जवळ्याची चटणी होती. मी चिखलाच्या हातांनीच खाल्ली.

"किती वेळा पांढरं झालं, काही अंदाज?" मी विचारलं. उत्तराची आशा नव्हती.

"पन्नास अष्टम्या. सात येला फिकी नाचनी, समद्या पावसाल्यात. बाकीचे तिरचाळीस येला पांढरा."

"इतकं कसं लक्षात?"

"चांगला झालेला कोन मोजतो बाय? फुकट घालवलेला लक्षात रायते."

मी पेटीतून एक कोरं लेबल काढलं आणि त्यांना पेन दिलं. चौथीपर्यंत शिकलेत ते. लेबल मांडीवर घेऊन, जीभ दातात धरून त्यांनी लिहिलं: पौष वद्य अष्टमी, ओहटी, काळूराम. वेळ लिहिली नाही. मीही मागितली नाही.

घरी येऊन सरांना फोन केला. सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं.

"अहवाल मागे घेणार?"

"हो."

"प्रबंध गेला मग."

"माहीत आहे."

"समितीत माझं नाव नको घेऊस," ते म्हणाले, आणि मला फोन आपटावासा वाटला. पण लगेच म्हणाले, "नाही, घे. दोन वर्षांत मी एकदाही त्या चिखलात उतरलो नाही. घे नाव."

सोमवारी अकराला मी समितीपुढे उभी होते. लांब टेबल, सात माणसं, चहाचे कप. मागच्या बाकावर काळूरामकाका धुतलेला सदरा घालून बसले होते. मांडीवर ओल्या गोणपाटात बाटली. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. सकाळी नेहमीसारखे कॉलेजच्या फाटकात उभे होते आणि मग माझ्याबरोबर चालायला लागले होते.

अध्यक्षांच्या पुढ्यात माझा अहवाल होता. "मॅडम, आम्ही वाचलाय. स्पष्ट आहे. औपचारिकता म्हणून दोन शब्द बोला, मग मंजूर करून टाकू."

"ह्यातलं प्राणवायूचं प्रकरण भरतीच्या पाण्यावर लिहिलेलं आहे," मी म्हणाले. "ओहोटीचं म्हणून लिहिलंय, ते खोटं आहे. नमुने घेण्याची पद्धत मी चुकीची शिकवली. चूक माझी. अहवाल मी मागे घेते."

चहाचे कप थांबले. मग सगळे एकदम बोलायला लागले. पहिल्यापासून घड्याळ बघत बसलेले एक गृहस्थ पुढे वाकले. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही काय केलंत, मॅडम? ओहोटीचं पाणी कुणी घेतलंच नाही? मग नाला नको असं तरी कशावरून म्हणता? तुमच्याकडे आकडा आहे का एक तरी?"

माझ्याकडे आकडा नव्हता. एका बाटलीवर कुणी नाला थांबवत नाही, हे मलाही कळत होतं.

"घेतला," मागून आवाज आला.

काळूरामकाका उभे होते. गोणपाट सोडून त्यांनी बाटली टेबलावर, अध्यक्षांच्या चहाशेजारी ठेवली. आतला पांढरा गाळ हलून हळूहळू खाली बसला.

"ओहटीचा पानी मी घेतला. दर अष्टमीला घेतला. बरोबर घेतला, पयले दिसापासून."

"तुम्ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"उघाडीवाला. काळूराम." मग शाळेत पाढे म्हणायला उभं राहतात तसे हात बाजूला घेऊन, समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी सुरुवात केली. "संक्रांतीचे दुसरे दिशी, पौषातली पयली अष्टमी. दोन येला भरला. दोन येला पांढरा. पौषातली दुसरी अष्टमी. पांढरा. माघातली पयली. पांढरा."

घड्याळवाले गृहस्थ काही म्हणणार होते. अध्यक्षांनी हाताने त्यांना थांबवलं, माझा अहवाल मिटून बाजूला सारला आणि कारकुनाला कोरा कागद घ्यायला सांगितलं.

मीही माझी वही उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, माझ्या अक्षरात साडेचार लिहिलं होतं. ते खोडून मी काका सांगत होते तसं लिहायला लागले.